शब्दचर्चा: ‘रेमिडिएशन’साठी मराठी शब्द

पाझर: न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज नावाचं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक उद्यानाखालची विषारी माती काढण्याबद्दल मराठीत लिहायचं आहे. ‘सॉइल रेमिडिएशन’ला ‘भूसुधारणा’ चालेल का? ‘दूषणनिर्मूलन’ही सुचतंय.

काळी_माती: भूसुधारणा नको, वाचकाला कूळकायदा आठवेल. निर्मूलनही नको, कारण सगळं निघत नाही.

तिथे एकाच मैदानाखाली तीन दुखणी आहेत. जागा ग्रमन विमान कंपनीची, १८ एकर. १९६२ साली तिने ती नगराला दिली. त्याआधी तिथे कारखान्याच्या सांडपाण्याची निवळण-तळी आणि गाळ वाळवायचे वाफे होते. मातीत ट्रायक्लोरोइथिलीन (धातूवरचं ग्रीस धुणारं द्रावक), पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं तेलकट रसायन) आणि क्रोमियम सापडलं. बेसबॉलचं मैदान २००२ पासून बंद आहे.

ट्रायक्लोरोइथिलीन ८७ अंशांना उकळतं, पाण्यासोबत असेल तर ७३ च्या आसपासच. म्हणून मातीत इलेक्ट्रोड ठोकून ती ९०-१०० अंशांपर्यंत तापवतात, वाफ विहिरींतून खेचतात आणि कार्बनच्या टाकीतून गाळतात. खेचणारा पंप मध्येच बंद पडला तर वाफ कडेच्या थंड मातीत जाऊन पुन्हा द्रव होते, म्हणजे डाग पसरतो. पीसीबी उकळायला ३०० च्या वर जावं लागतं, ते या उष्णतेला दाद देत नाही. ते खणूनच न्यायचं. ५० पीपीएम (दशलक्ष भागांत ५० भाग) किंवा जास्त पीसीबीच्या मातीला अमेरिकी नियमांत विल्हेवाटीची वेगळी वाट आहे. क्रोमियम तर मूलद्रव्य, ते जळतही नाही आणि उडतही नाही.

तेव्हा ‘माती तापवली’, ‘खणून नेली’, ‘झाकली’ अशी क्रियापदंच लिहा. मथळ्याला नाम हवंच असेल तर ‘दूषित मातीवरील उपचार’.

शेंदरी: झाकण्याला ‘आच्छादन’ म्हणू नका, शेतकऱ्यांनी तो शब्द मल्चिंगला कधीच घेतलाय. ‘भरावाचा थर’ पुरे. थराखाली नारिंगी जाळी अंथरतात आणि वर साधारण २ फूट स्वच्छ माती टाकतात. पुढे नळासाठी कुणी खणलं तर जाळी दिसताच हात थांबावा, एवढंच तिचं काम. तिला ‘खुणेची जाळी’ म्हणता येईल.

पाझर: आणि ‘बरीड ड्रम’? ‘पुरलेले’ की ‘गाडलेले’?

काळी_माती: ड्रमला पिंप. आणि इथे ‘पुरलेली’. दरडीखाली घर गाडलं जातं, पुरलं जात नाही. पुरायला कुणीतरी पुरणारा लागतो. बेथपेजला २०२४ मध्ये मातीत भोकं पाडताना काँक्रीटमध्ये बंदिस्त केलेली पिंपं लागली. ती काही आपोआप तिथे गेली नव्हती.

शेंदरी: पिंप काढण्याच्या क्रियेला नुसतं ‘उचलणे’ लिहू नका. आधी चुंबकीय यंत्राने जागा हेरतात. काँक्रीटवर हातोडा मारताना कंप पिंपापर्यंत पोचला तर गंजलेला पत्रा फुटतो, म्हणून कडेने हळूहळू फोडतात. हत्यारं ठिणगी न पाडणारी, तांब्याच्या मिश्रधातूची. वाफ मोजण्याचं यंत्र सतत चालू. फुगलेलं पिंप म्हणजे आत दाब, त्याला हाताने झाकण खोलायचं नाही. साधं पिंप २०८ लिटरचं असतं. ते शोषक भुकटीसह ३२० लिटरच्या मोठ्या पिंपात बसवतात. याला ‘ओव्हरपॅक’ म्हणतात, मी ‘पिंपात पिंप’ लिहीन. प्रत्येकाचा नमुना वेगळा, तपासणीआधी दोन पिंपांतला माल एकत्र करायचा नाही. आम्ल आणि सायनाइड एकत्र आलं तर जीवघेणा वायू सुटतो.

पाझर: शेवटचं, ‘प्लूम’. ‘दूषित पाण्याचा लोंढा’?

काळी_माती: लोंढा धावतो. भूजल तिथल्या वाळूत दिवसाला फूटभर सरकलं तरी खूप. बेथपेजचं दूषित भूजल सुमारे ४ मैल लांब आणि २ मैल रुंद पसरलंय, पण दशकानुदशकं सरकत. ‘पट्टा’ लिहा. ‘लोट’ धुराला राहू दे.