अनुभव धागा : कोणत्या शब्दानं तुमची विकेट काढली?

तिफनवाला : पुण्याचा भाचा आला आहे. त्याच्या फोनवर शब्दांची परीक्षा असते, चारपैकी एक अर्थ निवडायचा. मला 20 पैकी 7. 'जरठ'ला मी 'पोट' दाबलं, घाईत 'जठर' वाचलं. निघाला म्हातारा. पोट्टा लोळून लोळून हसला. मग म्हटलं, आता तू 'उलंगवाडी' सांग. म्हणे, "मामा, कोणत्या तालुक्यात येते?"
पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेवटची वेचणी झाली, ढोरं वावरात सुटली, की उलंगवाडी. इतकंच.
त्यावरून सातवीतला निबंध आठवला. मी लिहिलं होतं, 'माय भेदराच्या चटणीत सांबार टाकते.' बाहेरून आलेल्या गुरुजींनी लाल पेनानं लिहिलं : कोण भेदरलं? टमाटर म्हणून सांगायची हिंमत झाली नाही.
तुमचे येऊ द्या.

लेक वऱ्हाडची : सांबार!! माझं सासर सातारकडचं. नवी असताना सासूबाईंना विचारलं, वड्यांवर सांबार टाकू का? त्यांनी गुपचूप तुरीची डाळ शिजायला लावली. कोथिंबीर हातात घेऊन उभी मी.

धुऱ्यावरून : तूर काढणं चालू आहे, नंतर लिहितो. कुटार (ढोरांसाठी तुरीचा भुसा) घेणारं कोणी आहे का?

बंडीउलार : पोरानं शब्दकोड्यात 'कदलीफल'ला 'केयं' भरलं. घरं दोनच, फिट्ट बसलं! उभ्या शब्दाले 'ळ' लागत होता, तिथं बोंबललं.

लेक वऱ्हाडची : हाहा, केयं! माझी पोरगी आता मुद्दाम म्हणते आजीसमोर.

खडूधूळ : मी जिल्हा परिषद शाळेत आहे. वर्गात डबा ठेवला आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून एक शब्द चिठ्ठीवर आणायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. येळणी (झाकणी), टोंगळा (गुडघा), इरजिक (एकमेकांच्या वावरात मिळून केलेलं काम) झाले. मग आलं 'सरतं'. पोरं गप्प, मीही गप्प, मी शहरातली. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा आजा वस्तूच घेऊन आला. बांबूची नळी, वर लाकडाचं चाडं. पेरताना तिफनीमागं दोरीनं बांधायचं, बाई मागून चालत मुठीनं तूर सोडते. चाड्याचा काठ हात लागून लागून गुळगुळीत झालेला. पोरानं नळी आपटली तर आतून एक तुरीचा दाणा पडला. आजा म्हणे, "हे बुढीच्या हातचं असन."
पुढचा तास काही झाला नाही.

तिफनवाला : बाई, आता ट्रॅक्टरनं पेरतात, सरतं कोण धरते.

रात्रपाळी : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, 1857 ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. एक शब्द पाहायला जातो न् खालचे दहा वाचून झोपतो. आणि ते लाल पेनवाले गुरुजी... मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र रिद्धपूरचं, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, 13 व्या शतकातलं. अन् अशुद्ध आपण!

बंडीउलार : भाऊ, रात्री कोश वाचता? वहिनी काही म्हणत नाही?

रात्रपाळी : तिचे 20 पैकी 16 आले. मी बोलत नाही आता.

धुऱ्यावरून : झाली तूर. काय विषय होता? बाई, आमच्या कोठ्यात सरतं टांगलेलं आहे, शाळेले पाहिजे असन तर घेऊन जा. कुटाराचं कोणीच बोललं नाही.