काजव्यांचे फोटो: एक्स्पोजर वाढवूनही रेषा पुसटच का?

रानवाट: जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे टिपायचे आहेत. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा, १८-५५ किट लेन्स आणि ट्रायपॉड आहे. चाचणी १८ मिमी झूम, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० वर घेतली. शटर ३० सेकंद उघडं ठेवलं तर काजव्यांच्या उडण्याच्या रेषा जेमतेम उमटतात. ६० सेकंद केले तर काजवे तेवढेच पुसट आणि आकाश मात्र पांढुरकं. असं का होतं? नवी लेन्स घ्यावीच लागेल का?

तिपाई: झाड जागेवर उभं असतं, त्यामुळे त्याचा प्रकाश सेन्सरच्या त्याच ठिपक्यांवर साठत जातो. काजवा उडत असतो. एका ठिपक्यावर तो क्षणभरच असतो, मग शटर कितीही वेळ उघडं ठेवा. म्हणून काजव्याचा उजळपणा ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटरचा वेळ ठरवतो ते फ्रेममध्ये किती काजवे येतील आणि मागचं आकाश किती उजळेल, एवढंच.

तुमच्याच लेन्सवर एफ ३.५ ठेवून आयएसओ ३२०० करा, रेषा चौपट उजळ होतील. वेळ २० सेकंदांवर आणा. झूम १८ वरच हवं, कारण ५५ ला हीच लेन्स एफ ५.६ पर्यंत मिटते, म्हणजे भोक लहान होतं. पुढे खर्च करायचाच झाला तर ३५ मिमी एफ १.८ घ्या. ५० मिमी स्वस्त पडते, पण क्रॉप सेन्सरवर तिच्यात अख्खं झाड मावत नाही.

रानवाट: मग २० सेकंदांत मोजकेच काजवे येतील ना? केबल रिलीज (तारेने जोडलेलं शटरचं बटण) लावून दहा मिनिटांचं एकच एक्स्पोजर घेतलं तर?

निळीसांज: नको. सेन्सर तापून रंगीत ठिपके येतात, आणि नवव्या मिनिटाला कुणाच्या गाडीचा दिवा झाडावर पडला की सगळं वाया. त्याऐवजी २० सेकंदांच्या ९० फ्रेम घ्या, म्हणजे अर्धा तास. कंटिन्युअस मोडवर केबल रिलीजचं बटण अडकवून ठेवलं की कॅमेरा एकामागून एक फ्रेम घेत राहतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करा. ते चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेतो आणि निम्मे काजवे हुकतात.

घरी आल्यावर दिवा पडलेल्या फ्रेम काढून टाका. उरलेल्या फोटोशॉपमध्ये थर करून लायटन मोडवर ठेवा (त्यात प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ ठिपका राहतो), किंवा फ्रेम जोडणारं स्टारस्टॅक्स सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे. झाडाचा आकार हवा असेल तर पूर्ण काळोख होण्याआधी, त्याच चौकटीत, आयएसओ ४०० वर एक फ्रेम घेऊन ठेवा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डाव्या, म्हणजे काळोख्या बाजूलाच राहू द्या. ही फ्रेमही त्याच थरांत घालायची असते, ती उजळ झाली तर तिच्यावर काजवे दिसणारच नाहीत. आणि फोटो टाकताना तो किती फ्रेमचा आहे ते जरूर लिहा. ९० फ्रेमच्या फोटोतलं झाड पाहून आलेल्या माणसाला तिथे तसं दिसत नाही आणि तो हिरमुसतो.

तिपाई: फोकसचं राहिलंच. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरतो. उजेड असताना खोडावर फोकस करा, लेन्सवरची कळ एमएफवर (हाताने फोकस) टाका आणि फोकस व झूम या दोन्ही कड्या कागदी चिकटपट्टीने बांधा. स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद. रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास एकदाच ठरवा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा रंग बदलत जातो. अमावास्येच्या पुढेमागे जा.

जांभूळवन: एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स उघडू नका, दमट हवेत काचेवर लगेच बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबा.

उजेडाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. काजव्याची लुकलुक ही जोडीदाराला घातलेली साद असते. फ्लॅश किंवा टॉर्च मारली की आसपासचे काजवे विझतात, मीलन अडतं. डोक्यावरच्या दिव्याला लाल जिलेटिनचा कागद लावा आणि तो जमिनीकडेच धरा. कॅमेऱ्याचा रिव्ह्यू (फोटो काढल्यावर पडद्यावर उमटणारं चित्र) बंद करा, मागच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवा. झाडाच्या बुंध्याशी जाऊ नका, गवतातले काजवे पायाखाली येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं उजेड असतानाच हेरून ठेवलीत तर रात्री टॉर्च घेऊन शोधत फिरावं लागणार नाही. आणि जोराचा पाऊस सुरू झाला की काजवे झपाट्याने कमी होतात, त्यामुळे तारीख पुढे ढकलू नका.