मदत हवी: युरेनियमच्या गणितात १७३ येतंय, सर म्हणतात २००. चूक कोणाची?

फोंड्याची_माऊ (रात्री ९:१२)
लेक बारावी सायन्सला. क्लासच्या चाचणीत युरेनियम फुटल्यावर किती ऊर्जा निघते हे गणित होतं. तिचं उत्तर १७३ आलं. सरांनी लाल काट मारली, बाजूला १९७ लिहिलं आणि खाली ‘म्हणजे सुमारे २००, पुस्तक बघ’. पाचात एक मार्क. तिच्या तिन्ही मैत्रिणींचं १९७च आलंय. पोरगी जेवली नाही, मला ‘तुला नाही कळणार’ म्हणाली. मी कॉमर्सची, मला ताळेबंद कळतो, अणू नाही. उद्या सकाळी सातला परत क्लास आहे, त्याआधी कोणीतरी सांगा.

भौतिकवाला (९:२०)
१७३ काय? आंबे? एकक लिहा. समीकरण कुठलं होतं? वस्तुमानं कोणती दिली होती? गणिताचा फोटो टाका.

सुशेगाद (९:२३)
सकाळी सातला क्लास? क्लासच सोडवा आधी. आमच्या वेळी हायर सेकंडरीत शिकवायचे तेवढंच, आणि सगळे पास झालो.

फोंड्याची_माऊ (९:३१)
फोटो चढत नाहीये, वीज गेलीय, मोबाईलचं नेट रडतंय. एकक एमईव्ही लिहिलंय, ऊर्जेचंच कुठलंसं. युरेनियम २३५ अधिक न्यूट्रॉन, त्यातून बेरियम आणि क्रिप्टॉन. हेच तर सगळीकडे असतं ना?

भौतिकवाला (९:३४)
नसतं. बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२, की १४४ आणि ८९? दोन्ही पुस्तकांत सापडतात आणि उत्तरं वेगळी येतात. युरेनियम दर वेळी एकाच रेषेवर फाटत नाही.

काजूबोंडू (९:४०)
ताई, मुळापासून सांगतो. अणू म्हणजे मध्ये अणुकेंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. युरेनियमच्या केंद्रकाएवढा एक काजूगर फोंड्याच्या बसस्टँडवर ठेवला, तर इलेक्ट्रॉनांची कड साधारण पाव किलोमीटर लांब येईल. मधे सगळं रिकामं. १९११ मध्ये रदरफर्डने हे केंद्रक दाखवून दिलं. न्यूट्रॉन सापडायला मात्र १९३२ उजाडलं, तो चॅडविकने शोधला.

भौतिकवाला (९:४२)
छान. त्यांनी हे विचारलेलं नाही.

काजूबोंडू (९:४३)
धागा फक्त त्यांच्यासाठी नसतो हो. वाचणारे बाकीचेही असतात.

फोंड्याची_माऊ (९:५०)
तिच्या दारावर टकटक करून विचारून आले. १४१ आणि ९२, आणि तीन न्यूट्रॉन. आता माझाच एक प्रश्न. आधी २३५ आणि १, झाले २३६. नंतर १४१, ९२ आणि ३, तेही २३६. जमा-खर्च पैशाला पैसा जुळला. मग ऊर्जा कशातून आली? हरवलं काय?

भौतिकवाला (१०:०२)
हा प्रश्न तुमच्या लेकीच्या गणितापेक्षा चांगला आहे. हरवलं काहीच नाही. २३६ ही कणांची मोजणी आहे, वजन नव्हे. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि बांधलेल्या गठ्ठ्याचं वजन तेवढ्याने घटतं. जितकं घट्ट बांधलेलं, तितका प्रत्येक कण हलका. युरेनियमसारख्या अवजड केंद्रकात दर कणामागे बंधनऊर्जा साधारण ७.६ एमईव्ही. बेरियम-क्रिप्टॉन मधल्या वजनाचे, तिथे ८.४ च्या आसपास. म्हणजे कण तेच, पण फुटल्यावर जास्त घट्ट बसले. फरक दर कणाला जेमतेम पाऊण एमईव्हीचा, पण तुकड्यांमध्ये कण २३३ आहेत.

आता गणित, वस्तुमानं अणुवस्तुमान एककात (यू). युरेनियम २३५.०४३९, न्यूट्रॉन १.००८७, बेरियम १४०.९१४४, क्रिप्टॉन ९१.९२६२. डावीकडे २३६.०५२६. उजवीकडे तीन न्यूट्रॉनांचे ३.०२६१ धरून २३५.८६६७. फरक ०.१८५९. एक यू म्हणजे ९३१.५ एमईव्ही, म्हणून त्याला ९३१.५ ने गुणा: १७३.२. मुलगी बरोबर आहे. जेवायला वाढा.

डिचोलीकर (१०:०९)
एक मिनिट. ही वस्तुमानं अख्ख्या अणूंची आहेत, इलेक्ट्रॉन धरून. ते वजा केलेत का?

भौतिकवाला (१०:११)
डावीकडे ९२ इलेक्ट्रॉन. उजवीकडे ५६ आणि ३६, म्हणजे ९२. दोन्हीकडचे उडाले.

फोंड्याची_माऊ (१०:१५)
मग सर आणि तिन्ही मैत्रिणी चुकल्या? चौघंही?

भौतिकवाला (१०:१७)
ती १९७ ची पायरी-पायरी मिळेल का? सरांनी फळ्यावर काय मांडलं होतं?

डिचोलीकर (१०:२४)
मिळाली. उजवीकडचे तीन न्यूट्रॉन सरळ ३ धरले असणार. करून बघा: १४०.९१४४ + ९१.९२६२ + ३ = २३५.८४०६. फरक ०.२१२०. गुणिले ९३१.५, १९७.५. डावीकडच्या न्यूट्रॉनचे १.००८७ घेतले आणि उजवीकडच्यांचे घ्यायला विसरले.

भौतिकवाला (१०:२६)
वा! आणि चूक २०० च्या जवळ जाऊन बसली म्हणून कोणाला संशय आला नाही. पुस्तकातल्या आकड्याशी जुळणारी चूक सगळ्यात घातक.

फोंड्याची_माऊ (१०:३३)
वहीत बघितलं. अगदी तसंच. ‘3’ लिहून पुढे काहीच नाही. पण मग पुस्तकात २०० का? तेही चुकलं? सरांना काय सांगू, पुस्तकच खोटं?

निवृत्त_टर्बाईन (१०:४१)
पुस्तक बरोबर आहे. मी अणुवीज केंद्रात तीस वर्षं काढली, कुठल्या ते सोडा. १७३ ही फुटल्या क्षणाची ऊर्जा. बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ हे दोघेही अस्वस्थ, न्यूट्रॉन जरुरीपेक्षा जास्त. क्रिप्टॉन दोन सेकंदांच्या आत अर्धा संपतो, बेरियम अठरा मिनिटांत. दोघे इलेक्ट्रॉन फेकत फेकत बदलत जातात, बेरियम शेवटी प्रासिओडायमियम-१४१ होतो, क्रिप्टॉन झिर्कोनियम-९२. मुलीला शेवटची वस्तुमानं घालायला सांगा: १४०.९०७७ आणि ९१.९०५०. आणखी २६ एमईव्ही निघतात. १७३ आणि २६, १९९. त्यातला काही भाग न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण घेऊन पसार होतात, ते कोणाच्या हाती लागत नाहीत.

या उशिराच्या हिश्श्याने आमची झोप उडवलेली असे. अणुभट्टी बंद केली, विखंडन (केंद्रकांचं फुटणं) थांबलं, तरी त्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता चालूच राहते. तुकडे आपल्या वेळेने विझतात, बटणाने नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि ही मागची उष्णताच नडली.

सुशेगाद (१०:४४)
म्हणजे तुम्ही कैगाला होता. कारवारच्या मागे. तिकडे भट्टी, आणि इकडे फोंड्यात संध्याकाळी वीज नाही.

डिचोलीकर (१०:४७)
कैगाला २२० मेगावॅटची चार युनिटं आहेत. त्यातलं पहिलं २०१८ च्या डिसेंबरअखेर सलग ९६२ दिवस चालून थांबलं, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. फोंड्यातली वीज फांदी पडली म्हणून जाते, युरेनियम संपलं म्हणून नाही.

सुशेगाद (१०:४९)
छपरावर सोलर घाला सगळ्यांनी. फुटायची भानगड नाही.

काजूबोंडू (१०:५१)
सूर्यातही अणुकेंद्रकंच आहेत साहेब. तिथे जोडली जातात, इतकंच.

भौतिकवाला (१०:५२)
धागा भरकटतोय. ताई, सरांना एका ओळीत सांगा: वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं, ई बरोबर एमसी वर्ग, संपलं.

निवृत्त_टर्बाईन (११:०४)
संपलं नाही, आणि याच वाक्याने पोरांची दिशाभूल होते. ताई कॉमर्सच्या आहेत, त्यांना पटेल: वस्तुमानातली घट हा ताळेबंद. ताळेबंदात नफा दिसतो, पण नफा कमावतो धंदा. इथे धंदा करते साधी विद्युत प्रतिकर्षणाची ताकद. ९२ प्रोटॉन एकमेकांना ढकलताहेत, केंद्रकीय बल त्यांना कसंबसं धरून आहे. पण त्या बलाचा हात आखूड, शेजाऱ्यापुरता. केंद्रक म्हणजे पाण्याचा थेंब समजा. न्यूट्रॉन आत शिरला की थेंब डुचमळतो, लांबतो, मधे मान बारीक होते. मान तुटली की धरणारा हात सुटला, उरली ढकलाढकल. दोन्ही तुकडे उलट दिशांना सुसाट सुटतात. २०० पैकी साधारण १७० एमईव्ही ही त्यांच्या धावण्याचीच. ते इंधनात घुसून अणूंना धडकत थांबतात आणि इंधन तापतं. त्या उष्णतेची वाफ, वाफेवर माझं टर्बाईन. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर दिवसभर एक मेगावॅट उष्णता. वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी.

भौतिकवाला (११:१०)
दोन्ही एकच आहे काका. आइनस्टाइनचं समीकरण लावा नाहीतर प्रतिकर्षण लावा, उत्तर तेच.

निवृत्त_टर्बाईन (११:१८)
उत्तर तेच, म्हणूनच तर मजा. १९३८ च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमान यांना बर्लिनमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम मिळालं, का ते कळेना. हानने लीझे माइट्नरला पत्र घातलं. ती जर्मनीतून परागंदा होऊन स्वीडनला. नाताळात तिचा भाचा ओटो फ्रिश आला. दोघं बर्फातून फिरायला निघाले, तो स्कीवर, ती पायी. एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर हिशेब केला. थेंबाचे दोन तुकडे एकमेकांना ढकलून दूर गेले तर किती? २०० एमईव्ही. मग तिने वस्तुमानाकडून मांडलं: प्रोटॉनच्या एक पंचमांशाएवढी घट. तेही २००. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला. ‘विखंडन’ हे नाव पेशीविभाजनावरून फ्रिशनेच घेतलं. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला मिळालं, हे मला अजून पचत नाही.

चवथीची_माटोळी (११:२५)
हा क्लास फोंड्यात नेमका कुठे? माझा मुलगा अकरावीला आहे. फी किती घेतात?

फोंड्याची_माऊ (दुसऱ्या दिवशी, दुपारी २:०५)
झालं ते सांगते. तिने क्लास सुटल्यावर वही पुढे केली. सरांनी ‘3’ वर पेन टेकवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाचपैकी पाच दिले. आणि तिन्ही मैत्रिणींचे कापले, त्या आता हिच्याशी बोलत नाहीत. सर्वांना देव बरें करूं.

नवीन अडचण. रात्री काकांचं वाचून तिने प्रतिकर्षणाने करून बघितलं. दोन तुकड्यांचे प्रोटॉन ५६ गुणिले ३६, गुणिले सूत्रातला ठरलेला १.४४, भागिले अंतर. दोन थेंब नुसते चिकटलेले धरून अंतर ११.७ फेम्टोमीटर (केंद्रकं मोजायचं एकक) घेतलं. उत्तर २४८. म्हणते काकाही चुकले.

निवृत्त_टर्बाईन (२:४०)
शाबास पोरी! दोन गोल थेंब नुसते चिकटलेले धरायचे नाहीत. मान तुटते तेव्हा ते लांबट असतात, मधली अंतरं वाढलेली. सतरा घालून बघ म्हणावं.

भौतिकवाला (२:४३)
उत्तर बघून अंतर निवडलंत काका.

निवृत्त_टर्बाईन (२:४५)
निवडलं. नाकारत नाही. माइट्नरबाईंनीही अंदाजेच धरलं होतं, म्हणून तर वस्तुमानाकडून पडताळा घेतला.

फोंड्याची_माऊ (३:१०)
१७१ आलं. आता विचारतेय सतराच का, अठरा का नाही. तुम्ही बोला तिच्याशी, मी तिला आयडी काढून देते.