बस, कॅन्टीन दिलं की पगार विचारायचा नाही का?

चाकणकर: काल इथे एकाने लिहिलं, "आजकालची पोरं चार हजारासाठी कंपनी सोडतात, बस-कॅन्टीन-पीएफची किंमत नाही." डोकंच फिरलं. मी पण तशीच कंपनी सोडलीय. बसचा पास दाखवून पोराची फी भरता येते का? आणि कॅन्टीन म्हणजे उपकार नाहीत, अडीचशेच्या वर कामगार असले की ते द्यायचंच, हे जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४६ कलमातच होतं.

कोथरूडकाका: तो 'एक' मीच. पिंपरीत एकाच कंपनीत जन्म काढला, ग्रॅच्युइटीच्या पैशात मुलीचं लग्न केलं. तुम्ही पाच वर्षं एका जागी टिकाल तर ग्रॅच्युइटी! चाकणकर, आता नव्या कंपनीत भोसरीहून बाईक हाणत जातोस ना, मग पेट्रोल, कंबर आणि मोशीचं ट्रॅफिक पण धर हिशोबात.

थर्डशिफ्ट: काका, तुमचं सगळं परमनंटवाल्यांसाठी. मी ठेकेदाराकडे होतो, लाइन तीच, मशीन तेच, फक्त हेल्मेटचा रंग वेगळा, आणि तो रंग बघून ड्रायव्हर बसच्या दारातूनच परत पाठवायचा, पावसात सुद्धा. शेवटी कमी पगारात जनरल शिफ्ट धरली, पोरगी जागी असताना दिसते तरी.

हिंजवडीग्रस्त: आमची एसी बस आहे आणि ती वाकडच्या पुलावर उभी आहे. मेट्रोचं भूमिपूजन २०१८ चं!

कोथरूडकाका: एसीत बसून रडू नका हो आयटीवाले.

हिंजवडीग्रस्त: या एकदा सकाळी, बघू किती वेळ हसता. रस्त्यात जाणारे तास कोण मोजतं?

मावशी_अर्थवाल्या: मूळ मुद्द्यावर या जरा. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडलंय, घाणीच्या, त्रासाच्या कामाला माणूस मिळायचा तर पगार जास्त द्यावा लागतो.

थर्डशिफ्ट: मग ड्रेनेजमध्ये उतरणारा बंगल्यात राहायला हवा होता. स्मिथसाहेबांना मजूर अड्ड्यावर उभं करा एक दिवस.

मावशी_अर्थवाल्या: पूर्ण ऐका ना. काम निवडायची मोकळीक असेल तरच, हेही त्यानेच म्हटलंय. तुम्हाला ती नव्हती.

थर्डशिफ्ट: वा, म्हणजे स्मिथ पण बरोबर आणि मी पण. पगार तेवढा चुकला.

कोथरूडकाका: बरं बाबा, बसने फी भरता येत नाही, मान्य. पण चाकणकर, नव्या कंपनीत ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे डबल देतात का?

चाकणकर: सिंगल देतात. पण पगार एक तारखेला खात्यात पडतो. तुमच्यासारख्याच बस-कॅन्टीनवाल्या जुन्या कंपनीत पंधरा तारीख उलटली तरी एचआरवाला "सिस्टिम डाऊन आहे" म्हणायचा, ते लिहा की पुढच्या पोस्टमध्ये.