बाबांच्या कॅसेटसाठी टेपरेकॉर्डर सुचवा (बजेट ४,००० रुपये)

परळकरीण
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांचा कॅसेटचा डबा खाली काढला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आत ३८ कॅसेट. बहुतेक विकतच्या, त्यांची काळजी नाही. पण एक साठ मिनिटांची कॅसेट बाबांनी स्वतः भरलेली आहे. कडेच्या पट्टीवर निळ्या शाईत 'कॉल ऑफ द व्हॅली' (संतूर-बासरीचा जुना अल्बम) आणि खाली 'हात लावू नये'.

आमच्या चाळीत रेकॉर्ड प्लेअर एकाच घरी होता, गॅलरीच्या टोकाला. १९८२ साली बाबा आपला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) काखोटीला मारून तिथे गेले, रेकॉर्ड लावली आणि समोर टेप ठेवून सगळं भरून घेतलं. त्यामुळे संतूर चालू असताना मध्येच 'नळ आला गं' अशी हाक येते. रेकॉर्डची बाजू बदलताना बाबा कुणाला तरी म्हणतात, "थांब, सुई उचलू दे." बाबा २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही नाही. आई ७६ वर्षांची आहे, तिला ऐकवायचंय.

जुना टू-इन-वन आहे. रेडिओ लागतो, पण कॅसेटची चाकं फिरत नाहीत. नवीन काय घेऊ? ४,००० च्या वर जाणं जमणार नाही.

बोरीवली_फास्ट
कॅसेटच्या भानगडीत पडू नका. हा अल्बम फोनवर आहे. आईंना सरळ सारेगामाचा कारवाँ प्लेअर घेऊन द्या, पाच हजार गाणी आत भरलेली असतात. माझ्या आईला २०१८ मध्ये घेतला, अजून रोज सकाळी देवपूजेला लावते. बटणं मोठी, चष्मा लागत नाही.

परळकरीण
दादा, फोनवरच्या अल्बममध्ये बाबा बोलत नाहीत.

रेकॉर्डचा_नाद
कॅसेट म्हणजे नक्कल. १९६७ ची मूळ एलपी रेकॉर्ड शोधा. मी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर चार शुक्रवार चकरा मारून मिळवली, कव्हर जरा फाटकं आहे, पण तबकडीवर चरा नाही. टर्नटेबलला २२,००० गेले, स्पीकर वेगळे. पण पहाटे दिवे बंद करून ऐका, काश्मीरच्या मेंढपाळाचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. हा अल्बम मी पहिल्यांदा काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसच्या बूथमध्ये उभ्याने ऐकला होता, कॉलेज बुडवून. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं त्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन आलो. आता त्या चौकात गेलं की पाय आपोआप तिकडेच वळतात.

खडीसाखर
बजेट ४,००० लिहिलंय हो त्यांनी.

ताई, माझी चूक करू नका. मी ऑनलाइन १,९०० चा कॅसेट प्लेअर मागवला, यूएसबीवाला. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती, मामाने गावी भरलेली. पहिलीच ती लावली. तीन मिनिटांत आवाज गुरगुरल्यासारखा झाला, उघडून पाहते तर टेप रोलरला गुंडाळलेली. सोडवली, पण हातभर पट्टी चुरगळली ती चुरगळलीच. त्या जागी ओवी अर्धीच ऐकू येते. आधी एखादी रद्दी कॅसेट लावून बघा, मगच बाबांची.

डोंबिवली_स्लो
त्यातली सतार काय सुंदर आहे! आमच्याकडेही ही कॅसेट होती.

तानपुरा
सतार नाहीये. ती गिटार आहे, ब्रिजभूषण काब्रा यांची. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर. गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली आहे, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) त्यामुळे तशी येते.

डोंबिवली_स्लो
चाळीस वर्षं मी सतारच समजत होतो. आज रात्री परत ऐकतो. बाकी ताई, वर म्हणतायत तसा कारवाँ चांगला आहे.

जुना_हेड
लॅमिंग्टन रोडला २७ वर्षं टेप आणि डेक दुरुस्त केलेत, म्हणून लिहितो. नवीन काही घेऊ नका. रेडिओ लागतो आणि चाकं फिरत नाहीत, तर बहुतेक बेल्ट गेलाय. प्ले दाबल्यावर कान लावून बघा, आत मोटरची घरघर येत असेल तर नक्कीच. मुंबईच्या दमटपणात रबर वितळून डांबरासारखं होतं. ते स्पिरिटने पुसून नवा बेल्ट घालायचा, पट्टी ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झाला असेल तर बदलायचा, पट्टीवरचा आवाज वाचणारं हेड पुसायचं.

दुसरं, घरी भरलेली कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याच टेपरेकॉर्डरवर सर्वांत स्वच्छ वाजते. भरताना हेडचा जो कोन असतो तोच वाजवताना लागतो. दुसऱ्या मशीनवर कोन जुळला नाही तर आवाज कांबळं पांघरल्यासारखा दबका येतो. त्यामुळे मेकॅनिकला सांगा, हेडच्या बाजूच्या स्क्रूला हात लावू नको.

कांदेनवमी
काका, नव्वद मिनिटांच्या कॅसेटचं काय? माझ्याकडे रेडिओवरून भरलेलं गीतरामायण आहे, सगळ्या नव्वदच्या.

जुना_हेड
नव्वदची पट्टी साठपेक्षा पातळ असते. ओढ बसली तर ताणते. पुढे-मागे पळवू नका.

कांदेनवमी
५६ च्या ५६ गाणी आहेत, वडिलांनी एकही चुकवलं नव्हतं. गाणं सुरू व्हायच्या वेळेला घरात कुणी भांडं वाजवलं तर ओरडा बसायचा.

तानपुरा
विकत मिळतात त्यापेक्षा रेडिओवरून भरलेल्यांचा आवाज कमीच असणार.

कांदेनवमी
आवाजासाठी ठेवलेल्या नाहीत हो.

जुना_हेड
परळकरीण ताई, वाजवायच्या आधी कॅसेट उजेडात धरा. खिडकीतून पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे, तशीच लावू नका, हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. खालच्या तोंडाशी पितळी पत्तीवर नमद्याचा बारका तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज येत-जात राहतो. पेन्सिल घालून चाक हलकं फिरवून बघा, अडकतंय का. आणि पहिल्याच खेपेला हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर लावून रेकॉर्ड करून घ्या. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. जुन्या पट्टीचा भरवसा नसतो, पहिली खेप वाया घालवू नका.

बोरीवली_फास्ट
हे मात्र पटलं. आधी कॉपी.

खडीसाखर
+१. आधी कॉपी, मग आईंना.

परळकरीण (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. टू-इन-वन आमच्याच गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांकडे दिला. बेल्टच गेला होता, आत खरंच काळं डांबर. बेल्ट, रोलर, साफसफाई मिळून १,१५० रुपये. हेडच्या स्क्रूला हात लावू दिला नाही, शेजारी उभी राहिले. कॅसेटला बुरशी नव्हती. नमदा सुटला होता, तो एका विकतच्या कॅसेटचा काढून बसवला.

कॉपी मात्र आधी केली नाही. लॅपटॉप, वायर सगळं मांडलं होतं. आई म्हणाली, ते तारांचं नंतर कर, आधी मला ऐकू दे. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद होतो, म्हणून मी ती काढून घेतली. जुना_हेड काका, तुमचं ऐकलं नाही, रागावू नका.

'नळ आला गं' ही हाक समोरच्या काकूंची, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. आई म्हणाली, "माझीच आहे ती. कळशी घेऊन जिन्यात उभी होते." मग सुई उचलण्याची जागा आली. तिने बटण दाबून टेप मागे घेतली आणि तेवढंच परत लावलं. मी अडवलं नाही.

कॉपी रविवारी करते. खडीसाखर, रद्दी कॅसेट आधी लावली होती.