सोरॉरिटी - मराठीत काय लिहायचं?

गवतीचहा:
कमला हॅरिसवरचा एक लेख मराठीत करतेय. हॉवर्ड या मुख्यतः ब्लॅक विद्यार्थ्यांच्या युनिव्हर्सिटीत असताना १९८६ मध्ये ती अल्फा कप्पा अल्फा (एकेए) या सोरॉरिटीत, म्हणजे अमेरिकन कॉलेजांत मुलींची जी संस्था असते तिच्यात गेली, तिथे अडलंय. 'भगिनी मंडळ' लिहिलं की डोळ्यापुढे थेट हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा, 'विद्यार्थिनी संघटना' लिहावं तर मोर्चा निघाल्यासारखं वाटतं. 'क्लब' चालेल का?

भडंग:
क्लब नको हो. कॉलेज सुटलं की क्लब सुटतो, हे मरेपर्यंतचं असतं, निदान ब्लॅक सोरॉरिट्यांत तरी. नोकरीला लागल्यावर गावच्या ग्रॅज्युएट चॅप्टरमध्ये, म्हणजे पदवीधर मेंबरांच्या शाखेत जायचं, तिथे कामं अंगावर घ्यायची. एकेए १९०८ ची, हॉवर्डचीच, ब्लॅक विद्यार्थिनींची पहिली. १९३५ पासून पुढचे काही उन्हाळे एकेएच्या डॉ. डोरोथी फेरेबी डॉक्टर-नर्स घेऊन मिसिसिपीत जायच्या, तर मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत सोडेनात, मग यांनी दवाखानाच मोटारीत भरला आणि मळ्यावर नेऊन पोरांना देवी-घटसर्पाच्या लशी टोचल्या. याला क्लब म्हणणार?

तिरफळ:
या अर्थाने शब्द १८८२ चा, सिराक्यूज युनिव्हर्सिटीच्या एका लॅटिनच्या प्रोफेसरांनी गॅमा फाय बीटा या तिथल्या संस्थेच्या मुलींसाठी काढला. लॅटिन सोरॉर म्हणजे बहीण, आपल्या संस्कृत 'स्वसृ'ची सख्खी. त्याआधी मुलींच्या संस्थाही फ्रॅटर्निटीच म्हणवायच्या, १८७० ची कप्पा अल्फा थीटा तर अजूनही तेच म्हणवते. आणि एकेएवाल्या एकमेकींना आजही 'सोरॉर' अशीच हाक मारतात, त्यामुळे 'भगिनी' सोडवत नाही. 'गुरुभगिनी' कसा वाटतो? दीक्षा आहे, शपथ आहे, बाहेर न सांगायचे विधी आहेत...

भडंग:
आणि गुरु कुठाय? :)

तिरफळ:
बरं, गुरु वजा करा. संस्थेला नाहीच चालणार, मेंबरला चालेल.

नाचणीसत्त्व:
मोर्चा वाटतो म्हणून 'संघटना' नको हे काही पटलं नाही. १९१३ च्या जानेवारीत एकेएतल्याच २२ जणींनी बाहेर पडून डेल्टा सिग्मा थीटा काढली, कारण त्यांना नुसत्या मेळाव्यांपेक्षा राजकारणात उतरायचं होतं. आणि पहिलं जाहीर काम काय, तर ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकाराचा मोर्चा! तोही अशा वेळी की ब्लॅक बायकांनी मागे वेगळं चालावं असं गोऱ्या आयोजकांपैकी काहींचं म्हणणं होतं. मोर्चा त्यांच्या पत्रिकेतच आहे, बिनधास्त लिहा संघटना.

गवतीचहा:
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद! मग पहिल्यांदा 'सोरॉरिटी, म्हणजे विद्यार्थिनींची आजन्म भगिनी-संघटना' असं लिहिते आणि पुढे नुसतं सोरॉरिटी. अनेकवचन सोरॉरिट्या ना? संपादक 'सोरॉरिटीज' करतील अशी भीती आहे.

भडंग:
कमिट्या, युनिव्हर्सिट्या चालतात तर सोरॉरिट्यांनी काय घोडं मारलंय?