सीएमएल रुग्णांसाठीचा निधी: गोळ्या, तपासण्या की संशोधन?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे, पण परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कॅन्सरसाठी सहा लाख जमवतोय: निम्मे नाशिक-नगरकडच्या रुग्णांना, निम्मे संशोधनाला. बहुतेकांचं म्हणणं, त्यावरच्या औषधाच्या, इमॅटिनिबच्या, गोळ्या घेऊन वाटू. अमेरिकेतलं एक मराठी मंडळही पैसे द्यायला तयार आहे. कसे घ्यायचे?

जांभळं झाकण
गोळ्या वाटू नका. २०१३ मध्ये इमॅटिनिबच्या पेटंटवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मूळ कंपनीचं ग्लिव्हेक महिन्याला लाखाच्या वर होतं आणि जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळे. आता जेनेरिक त्याहूनही खाली आलंय. शिवाय जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, योजना देते त्यावर तुमचे पैसे कशाला?

खरी अडचण बीसीआर-एबीएलच्या पीसीआरची, म्हणजे या आजाराचा बिघडलेला जनुक रक्तात किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीची. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करावी लागते, दर वेळी काही हजार जातात, आणि रुग्ण नेमकी तीच चुकवतो, कारण गोळ्यांवर बरं वाटत असतं. त्याचं प्रमाण तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा कमी, सहाव्यात १, बाराव्यात ०.१ असे टप्पे आहेत. अहवाल ‘इंटरनॅशनल स्केल’ या ठरलेल्या जागतिक मापावरच हवा, आणि प्रयोगशाळा दर वेळी तीच. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही.

नमुना रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घ्यायचा, गोठवायचा नाही, आणि २४ ते ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. तपासणी ज्यावर होते तो आरएनए लवकर मोडतो. शनिवारी दुपारी रक्त काढून कुरियरला दिलं की नमुना रविवारभर गोदामात पडतो आणि पैसे वाया. सोमवार ते बुधवारच घ्या. पैसे रुग्णाच्या हातात न देता प्रयोगशाळेला बिलावर द्या.

रेल्वेप्रवासावर फार खर्चू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा.

पावतीबुक
मंडळाचा चेक घेऊ नका. परदेशातली संस्था म्हणजे एफसीआरए कायद्यात परदेशी स्रोत. अमेरिकन नागरिक आणि ओसीआय कार्डवालेही (मूळचे भारतीय, आता परदेशी नागरिक) त्यातच. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. कुणाच्या पुण्यातल्या भावाच्या खात्यातून फिरवणं हा सरळ कायदेभंग आहे. ‘एफसीआरए असलेल्या संस्थेकडून पुढे घेऊ’ हेही २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झालं.

मंडळाला सांगा, सिएटलच्या मॅक्स फाउंडेशनला थेट द्या. सीएमएलच्या रुग्णांपर्यंत औषध पोचवणं हे त्यांचं जुनं काम आहे, आणि देणगीदारांना करसवलत अमेरिकेतच मिळते. इथल्या देणगीदारांना देणगीवर आयकर सवलत (८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख घेऊ नका, आणि वर्षअखेर देणगीचं प्रमाणपत्र (१०बीई) द्यायला विसरू नका.

गोदाकाठ
पैसे दिले, गोळ्याही चालू आहेत, तरी पीसीआर वाढला तर? पुढच्या कुठल्या तपासणीला मदत करायची?

जांभळं झाकण
आधी गोळ्यांची पाकिटं मोजा. वाढीमागे बहुतेकदा चुकलेले डोस निघतात. मळमळ होते म्हणून रुग्ण दिवसाआड घेतो आणि सांगत नाही. जेवणासोबत, मोठा पेलाभर पाणी पिऊन घेतली तर मळमळ कमी होते. मग टीबीचं औषध चालू आहे का विचारा. रिफॅम्पिसिन इमॅटिनिबची रक्तातली पातळी पाडतं, फिट येण्यावरचं फेनिटॉइनही. एवढं करून आकडा चढाच असेल तर डॉक्टर म्युटेशनची, म्हणजे त्या जनुकात नवा बदल झालाय का याची, तपासणी सांगतील, तिला जरूर पैसे द्या. टी३१५आय हा बदल निघाला तर इमॅटिनिबच काय, डासाटिनिब-निलोटिनिब ही पुढची औषधंही चालत नाहीत. त्यापुढची औषधं तुमच्या निधीच्या आवाक्याबाहेरची आहेत, तिथे कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज भरून देणं हीच मोठी मदत.

सूक्ष्मदर्शक
संशोधनाबद्दल. तीन लाखांत नवं औषध निघत नाही, पण एखाद्या चालू अभ्यासाच्या तपासण्यांचा खर्च निघतो. फ्रान्सच्या ‘स्टिम’ अभ्यासात, दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या १०० रुग्णांचं इमॅटिनिब थांबवलं. सुमारे ४० टक्क्यांत आजार वर्षभरात परतला नाही. ज्यांच्यात परतला त्यांच्यात बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच. आपल्याकडे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण असतात, म्हणजे कित्येक दशकांच्या गोळ्या. इथे हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पण औषध थांबवल्यावर सुरुवातीला महिन्याला एक पीसीआर लागते, आणि अभ्यास तिथेच अडतो.

पैसे संस्थेच्या खात्यात द्या, डॉक्टरांच्या नव्हे. पत्रात नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक, सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी, किती तपासण्या आणि उरलेल्या रकमेचं काय हे लिहून घ्या. ‘ल्युकेमिया संशोधनासाठी’ एवढंच लिहिलंत तर पैसे संगणक नाहीतर परिषदेच्या प्रवासखर्चात जातील आणि तुम्हाला तक्रारही करता येणार नाही.